पगाराला पैसे द्या : कंपन्यांच्या सीएसआर समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील कंपन्यांच्या सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत हिशेब आणि प्रस्तावांचे काम पाहतो. ऊसतोडीला जाणाऱ्या आईवडिलांची मुले हंगामात गावाकडेच राहावीत आणि त्यांची शाळा सुटू नये, म्हणून आम्ही वसतिगृह चालवतो. तुमच्यापैकी काहींनी आम्हाला मदत केली आहे, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र कोणा एका कंपनीविरुद्धची तक्रार नाही. तालुक्याच्या ठिकाणी भुकेल्यांना जेवण, आजाऱ्यांना औषध, बेघरांना निवारा अशी रोजची, न टाळता येणारी कामे करणाऱ्या कितीतरी संस्था माझ्या ओळखीच्या आहेत आणि सगळ्यांचे रडगाणे जवळपास सारखेच आहे. ते आपापसात बोलून काही होत नाही. ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांना सांगावे, म्हणून लिहितो आहे.

मागणी सुरुवातीलाच सांगतो. वस्तूंना जसे पैसे देता तसेच काम करणाऱ्या माणसांच्या पगाराला द्या, आणि ते काम सुरू होण्याआधी द्या.

दसऱ्याच्या सुमारास आमच्याकडची गावे रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडायची असते, म्हणून कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, घर बंद करून निघतो. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून टोळ्या जातात त्या सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर आणि पुढे कर्नाटकातल्या कारखान्यांकडे. मग मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. घरी आजी-आजोबा असतील तर मूल मागे राहते. नसतील तर तेही ट्रॉलीत बसते. फडावर गेलेले मूल तान्ह्या भावंडाला सांभाळते, पाण्याच्या खेपा घालते, वाढे (उसाचे शेंडे) बांधायला हात लावते. ते परत येते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते आणि पुस्तकातले अर्धे धडे त्याने पाहिलेलेही नसतात. असे दोन-तीन हंगाम गेले की मुलगा कोयता हातात घेतो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

शासनाच्या योजना आहेत. शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत हंगामी वसतिगृहे चालतात. 2021 मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची. ती सगळी उभी राहोत, चांगली चालोत. पण स्थलांतर करणारी कुटुंबे लाखांच्या घरात आहेत आणि मागे राहणारी मुले सरकारी जागांत मावत नाहीत. उरलेल्यांना आमच्यासारख्या संस्था घेतात. वाड्यावस्त्यांवर जाऊन, आईशी बोलून, 'पोरीला ठेवून जा, आम्ही सांभाळतो' असा शब्द देऊन घेतात. हा शब्द ऑक्टोबरात दिलेला असतो.

आता तुमच्याकडचे वेळापत्रक पाहा. नव्या वर्षाचे अंदाजपत्रक एप्रिल-मेमध्ये ठरते. प्रस्ताव जून-जुलैत मागवता. त्यानंतर कागदपत्रांची छाननी, त्रयस्थ यंत्रणेकडून संस्थेची तपासणी, समितीची बैठक, संचालक मंडळाची मंजुरी. करारावर सह्या दिवाळीनंतर होतात. पहिला हप्ता आमच्या खात्यात येतो तो डिसेंबरअखेर, बऱ्याचदा जानेवारीत. त्याच्या सोबत पत्र असते, की 31 मार्चपूर्वी संपूर्ण रक्कम खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे.

मधले अडीच-तीन महिने मुले जेवत असतात. तो खर्च कोण भागवते? किराणा दुकानदार भागवतो, उधारीवर. अधीक्षिका भागवते, पगार न घेता. गॅसची टाकी संस्थेच्या एखाद्या विश्वस्ताच्या खिशातून येते. आमच्या सचिवांनी यासाठी पतसंस्थेतून स्वतःच्या नावावर कर्ज काढलेले मी पाहिले आहे. त्याचे व्याज कुठल्याही प्रस्तावात बसत नाही, कारण अशा खर्चाला तुमच्या तक्त्यात रकानाच नाही.

आणि जानेवारीत पैसे आले की मार्चच्या आत खर्च होईल अशी एकच गोष्ट उरते. खरेदी. दप्तरे, ब्लँकेट, बाक, पाण्याचे फिल्टर, सोलर हीटर. वस्तू एका दिवसात विकत घेता येते, तिचे बिल येते, तिच्यावर लोगो लावता येतो, फोटो काढता येतो. पगार तसा एका दिवसात खर्च करता येत नाही. तो महिन्याच्या महिन्याला द्यायचा असतो. म्हणून आमच्या कोठीच्या खोलीत न उघडलेली दप्तरे असतात आणि त्याच महिन्यात स्वयंपाकाच्या मावशींना 'पुढच्या आठवड्यात बघू' असे सांगावे लागते. एका वर्षी आमच्याकडे पाणी तापवायचा सोलर हीटर बसला तो मार्चमध्ये. थंडीचे तिन्ही महिने मुलींनी गार पाण्यानेच अंघोळी केल्या होत्या.

एका प्रस्तावाची बैठक मला तपशिलाने आठवते. ती व्हिडिओ कॉलवर होती. समोरचे अधिकारी सज्जन होते, आमच्या कामाबद्दल त्यांना खरी आस्था होती. त्यांनी अंदाजपत्रकाचा तक्ता पडद्यावर घेतला आणि एकेक ओळ वाचत गेले. धान्य ठीक, गाद्या ठीक, वह्यापुस्तके ठीक. 'अधीक्षिका, पूर्ण वेळ, 12 महिने' या ओळीवर ते थांबले. वसतिगृह सहा महिन्यांचे, मग पगार बारा महिन्यांचा कशाला? मी कारण सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि ती ओळ आधी सहा महिन्यांवर आणली, मग निम्म्या रकमेवर, आणि शेवटी म्हणाले, 'हे ओव्हरहेडमध्ये, प्रशासकीय खर्चात जाते हो, वरून मंजूर होणार नाही.' त्याच्या खालची 'लेखापाल' ही ओळ चर्चेशिवाय गेली. प्रति लाभार्थी खर्च त्यामुळे कमी दिसू लागला आणि प्रस्ताव मंजूर झाला.

मी त्यांना जे सांगितले होते ते इथे नीट मांडतो, कारण तिथे वेळ कमी होता.

अधीक्षिका म्हणजे कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी बाई नव्हे. रात्री दोन वाजता एका तिसरीतल्या मुलीचे अंग तापाने भाजत असते. आईवडील सांगली जिल्ह्यातल्या कुठल्यातरी फडावर, त्यांचा फोन लागत नाही. अधीक्षिका मुकादमाला फोन करून उठवते, निरोप देते, बाकीच्या मुली मावशींवर सोपवते, शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर त्या पोरीला मांडीवर घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठते. सकाळी ती परत येते, मुलींच्या वेण्या घालते, साडेनऊला शाळेत सोडते आणि मग आईचा फोन आला की तिच्याशी शांतपणे बोलते, कारण आई घाबरली तर काम टाकून निघून येईल आणि खाड्याचे, म्हणजे बुडालेल्या दिवसांचे, पैसे कापले जातील. हंगाम संपल्यावर ती रिकामी बसत नाही. उन्हाळ्यात घरोघर जाऊन कोणाची मुलगी पुन्हा येणार, कोणाच्या घरी लग्नाचे घाटत आहे, कोणाचा दाखला अडला आहे, हे पाहते. पावसाळ्यात याद्या करते. ती मे महिन्यात सोडून गेली तर ऑक्टोबरात येणारी नवी बाई कोणत्या आईला ओळखणार, आणि कोणती आई तिच्या भरवशावर पोर ठेवून जाणार? आमच्या वसतिगृहातले सर्वांत मोलाचे जे आहे ते ही ओळख आहे. नेमकी तिचीच ओळ तक्त्यातून कापली जाते.

कायद्याची अडचण सांगितली जाते म्हणून कायदाही सांगतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. प्रशासकीय खर्चावर 5 टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरे. पण ती मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यासाठी केलेल्या सर्वसाधारण खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवर थेट होणारा खर्च त्यात धरायचा नाही, असे नियमांच्या व्याख्येतच लिहिले आहे. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचा खर्च हा कंपनीचा प्रशासकीय खर्च नव्हे, हा खुलासा कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट 2021 च्या परिपत्रकात केलेला आहे. वसतिगृह चालवायला अधीक्षिका लागते. तिचा पगार हाच प्रकल्पाचा खर्च आहे. तो नाकारायला कायदा सांगत नाही, आपापल्या कार्यालयातली रूढ झालेली पद्धत सांगते.

31 मार्चचेही तसेच. जानेवारी 2021 पासून कायद्यात चालू प्रकल्पाची स्वतंत्र सोय आहे. प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून पुढची तीन वर्षे तो चालवता येतो. त्यासाठी ठेवलेली आणि न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि तीन वर्षांत वापरायची. म्हणजे मंजुरी देतानाच वसतिगृहाला चालू प्रकल्प म्हणून नोंदवले, तर मार्चमध्ये कोणालाही ब्लँकेट विकत घ्यायला धावावे लागणार नाही. ज्यांचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होऊन एप्रिलमध्ये संपतो, त्यांचे काम दोन आर्थिक वर्षांत पडणारच. तुमच्या लेखापरीक्षकांना हे समजावणे आमच्या हातात नाही. तुमच्या आहे.

तुमची भीतीही मला ठाऊक आहे. संस्थेच्या नावाखाली पैसे खाणारे लोक आहेत. ते तुमच्याहून आम्हाला जास्त माहीत आहेत, कारण ते आमच्याच तालुक्यात राहतात आणि त्यांच्यामुळे आमच्याकडेही लोक संशयाने पाहतात. हिशेब मागा, कडक मागा. पण हिशेब ठेवायला माणूस लागतो. तुम्ही वेगळे बँक खाते सांगता, दर महिन्याचा अहवाल, तिमाही उपयोगिता प्रमाणपत्र, ठिकाणाची नोंद असलेले फोटो, प्रत्येक मुलाचे आधार आणि उपस्थिती, वर अंतर्गत लेखापरीक्षण. त्याशिवाय आमचे स्वतःचे धर्मादाय आयुक्तांकडचे हिशेब, आयकर सवलतीच्या नोंदण्या, सीएसआरचा निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-1 ची नोंदणी, देणगीदारांची वार्षिक विवरणपत्रे. हे सगळे करणाऱ्या माणसाला पगार नको, असे होत नाही. लेखापालाची ओळ कापणे आणि चोख हिशेबाची अपेक्षा ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच करारात लिहिलेल्या असतात.

त्यातच बिलांचा प्रश्न. आमची भाजी आठवडी बाजारातून येते. मेथीची जुडी विकणाऱ्या बाईकडे जीएसटी क्रमांक नसतो. दूध शेजारच्या वस्तीवरून येते. तुमच्या पडताळणीत अशी व्हाउचरे 'पुरेसा पुरावा नाही' म्हणून बाजूला पडतात आणि आम्हाला सल्ला मिळतो, की जिल्ह्याच्या ठिकाणच्या नोंदणीकृत पुरवठादाराकडून घ्या. म्हणजे शिळी भाजी जास्त भावाने, गाडीभाडे वेगळे. ज्या गावातल्या मुलांसाठी पैसे आले, त्याच गावातल्या बाईला त्यातले चार रुपये मिळू नयेत, असा नियम करणाऱ्याने बाजार पाहिलेला नसावा. सही-अंगठ्याचे व्हाउचर, तारीख, वजन, भाव आणि शाळा समितीतल्या दोन पालकांच्या सह्या एवढ्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च मान्य करा. आम्ही ते रोजच्या रोज लिहितो.

आमच्या हद्दीला लागूनच जामखेड आहे. तिथे 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले ते आरोग्याचे काम करायला. लोकांशी बोलल्यावर कळले, की त्यांना आधी हवे आहे पाणी आणि अन्न. पुढे दुष्काळ पडला. त्या काळात त्यांनी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली, गावोगाव कूपनलिका घेतल्या, आणि त्यातून मिळालेल्या विश्वासावर गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्य सेविका म्हणून उभे केले. जगभरातून लोक ते काम शिकायला येतात. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी विचार करतो, की आजच्या अर्जाच्या नमुन्यात आरोग्याच्या शीर्षाखाली मंजूर झालेल्या पैशातून विहिरीला हात लावता आला असता का? आम्हाला तर गाद्यांच्या ओळीतले उरलेले पैसे औषधाला वापरायचे असतील तरी लेखी परवानगी मागावी लागते आणि ती येईपर्यंत साथ ओसरलेली असते. मंजूर रकमेतल्या निदान पाचव्या हिस्स्याचे शीर्ष बदलण्याची मोकळीक द्या. आम्ही कारण लिहून ठेवू, तुम्ही नंतर तपासा.

आणि साताऱ्याची आठवण. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडून मुलांना जेवू घातले. महाराष्ट्रात ही गोष्ट पाठ नसलेला माणूस सापडणार नाही. आपण ती भाषणांत सांगतो, डोळ्यांत पाणी आणतो. पण इमारत उभी राहिली तरी चूल रोज पेटवायला पैसे लागतात आणि ते कुठून येणार, हा तेव्हाचा प्रश्न आजही तसाच आहे. आमच्या अधीक्षिकेनेही तीच परीक्षा द्यावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. तिला स्वतःची दोन मुले आहेत.

तुम्ही म्हणाल, कंपनीकडेच का येता? कारण बाकीच्या वाटा अरुंद झाल्या आहेत. 2020 मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला आणि मोठ्या संस्थांना आलेला परदेशी निधी खालच्या छोट्या संस्थांना देण्यावर बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. पूर्वी पुण्या-मुंबईतली एखादी जुनी संस्था आमच्यासारख्यांना दोन-तीन वर्षे सांभाळून घ्यायची, उभे राहायला शिकवायची. ती वाट बंद झाली. लोकवर्गणी आम्ही मागतो, गावे देतातही, पोतेभर ज्वारी, डाळ, कोणाच्या वर्षश्राद्धाचे जेवण. पण दुष्काळी तालुक्यातल्या लोकवर्गणीतून पगार निघत नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. देशातल्या कंपन्यांनी 2022-23 या वर्षात सीएसआरवर सुमारे 30 हजार कोटी रुपये खर्च केले आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. पण हा पैसा जिथे कारखाने आणि कार्यालये आहेत तिथे जिरतो, मुंबई-ठाणे-पुण्याच्या आसपास. कायदा म्हणतो, कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे. ते प्राधान्य बंधनकारक नाही, हेही मंत्रालयाने स्पष्ट केलेले आहे. आमच्या तालुक्यांत मोठ्या कंपन्यांचे कारखाने फारसे नाहीत, म्हणून आम्ही कोणाच्याच परिसरात येत नाही. पण बिस्किटात, शीतपेयात, औषधाच्या सिरपमध्ये साखर आहे, पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमध्ये ऊस आहे. तो आमच्या गावच्या माणसांनी पहाटे थंडीत तोडलेला आहे. या मालावर ज्यांचा व्यवसाय चालतो त्या कंपन्यांनी बीड, धाराशिव, जालना, परभणी हा आपलाच परिसर मानला तर कोणाला हरकत घेता येणार नाही. यातल्या धाराशिवला तर केंद्र सरकारनेच आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत घातलेले आहे.

तेव्हा तुमच्या पुढच्या बैठकीत एवढे ठरवा. हंगामी कामांचे प्रस्ताव एप्रिलमध्ये मागवा, मराठीत लिहिलेले प्रस्तावही स्वीकारा, मंजुरी ऑगस्टपर्यंत द्या आणि पहिला हप्ता सप्टेंबरअखेर खात्यावर जमा करा. मंजुरी तीन वर्षांची असू द्या. अधीक्षिका, स्वयंपाकीण आणि लेखापाल यांचे पगार भविष्य निर्वाह निधीसह बारा महिन्यांचे धरा. वस्तू कमी दिल्यात तरी चालेल. दप्तरे आम्ही जुनी शिवून वापरू.

आमची रोजकीर्द, खतावणी आणि व्हाउचरच्या फायली केव्हाही पाहायला या. आगाऊ कळवायची गरज नाही. शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत या आणि मुक्काम करा, म्हणजे रात्रीचे कामही दिसेल. जेवण मुलींबरोबर, अंथरूण-पांघरूण इथे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा कार्यकर्ता,
जिल्हा बीड